वेळ मिळाला नाही, तरी टाकतोय

अप्पांचं चित्र ग्रुपवर कधी एकटं येत नाही. त्याच्या आधी एक ओळ येते. ‘घाईत केलंय.’ ‘कागद साधा होता.’ ‘लाईट गेले होते, रंग नीट दिसले नाहीत.’ ‘मोबाईलमध्ये फिकं वाटतंय, प्रत्यक्षात बरं आहे.’ ‘पहिलाच प्रयत्न, सांभाळून घ्या.’ हा पहिला प्रयत्न २०२० च्या टाळेबंदीत सुरू झाला आणि अजून पहिलाच आहे. ओळ गेली की अप्पा दोन मिनिटं थांबतात. तेवढ्यात लोकांची मनं मऊ व्हावीत अशी त्यात योजना असते. मग चित्र.

ते चित्र खरं तर गुरुवारीच पुरं झालेलं असतं. शुक्रवारी आणि शनिवारी अप्पा त्याला थोडं थोडं बिघडवतात आणि रविवारी रात्री साडेआठला ते ‘घाईत’ येतं.

अप्पा एक नव्हेत. जळगावला महाबळ कॉलनीत एक अप्पा आहेत, धुळ्याला देवपुरात आहेत, भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, अमळनेरला बँकेतून, शिरपूरला झेडपीच्या शाळेतून. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे आबा, कुठे बापू. काही अप्पा बायकाही असतात; त्यांना ताई म्हणतात, त्यांची ओळ ‘स्वयंपाक आटपून बसले’ अशी असते आणि ती बहुतेकदा खरी असते. आपण सोयीसाठी पाटबंधारे खात्यातले अप्पा धरू, कारण तो नमुना जरा जास्त पिकलेला आहे.

अप्पांनी शाळेत एलिमेंटरी दिली, मग इंटरमीजिएट. स्थिरचित्राला तांब्या, मागे पडदा, शेजारी दोन कांदे. तांब्याच्या तोंडाचा लंबगोल बरा आला आणि बी ग्रेड मिळाली. ड्रॉइंगचे सर म्हणाले, ‘हाताला वळण आहे.’ अप्पांनी हे वाक्य घरी येऊन सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, ‘मग तो शेताकडं वळव.’ कलेचा विषय तिथं संपला. आता इंटरमीजिएटला ग्रेड मिळाली की दहावीच्या निकालात जादा गुण पडतात, एला सात, बीला पाच. अप्पांच्या वेळी असलं काही नव्हतं. पाच गुणांची ही बाकी शासनाकडे अजून येणं आहे, असं ते धरून चालतात.

पुढे सारी नोकरी गिरणा, हतनूर, वाघूर यांच्या कालव्यांचे छेद आखण्यात गेली. त्याचा परिणाम हाताला चिकटून राहिलाय. अप्पांचं क्षितिज पट्टीनं काढलेलं असतं. त्यांचा मेहरूण तलाव उजवीकडे किंचित कलतो. कुणीतरी एकदा भीतभीत तसं लिहिलं, तर अप्पांनी उत्तर दिलं, ‘उतार दिल्याशिवाय पाणी पुढं जात नाही.’ तलावातलं पाणी पुढं कुठं जायचं असतं, हे विचारायची कुणाची प्राज्ञा झाली नाही.

निवृत्तीनंतर पुण्यातल्या मुलानं रंगपेटी पाठवली, सोबत तीनशे जीएसएमचा परदेशी कागद. तो कागद कपाटात काकूंच्या पैठणीखाली आहे. एका पानाची किंमत कळल्यापासून अप्पांनी त्याला हात लावलेला नाही. ‘हात बसला की काढू,’ म्हणतात. तोवर गेल्या सालच्या कॅलेंडरची पाठकोरी पानं आणि कॅमलच्या ट्यूबा यांवर भागतं. खरा कागद वापरला तर खरं चित्र काढावं लागेल, ही भीती त्यांनी कुणाला बोलून दाखवलेली नाही. हौशी माणसाच्या कपाटात असा एक कोरा, महागडा गठ्ठा असतोच.

ग्रुपचं नाव ‘कुंचला’, ‘रंग’ आणि ‘खान्देश’ या तीन शब्दांची कुठलीही जुळणी करून वाचकांनी तयार करून घ्यावं. नियम थोडे आहेत. सोमवारी सकाळी विषय, रविवारी रात्री नऊपर्यंत चित्र. चित्र स्वतःचं, स्वतःच्या हातानं काढलेलं. सुप्रभात नको, राजकारण नको. सुप्रभातचा नियम मंगळवारपर्यंत टिकतो. ग्रुप चालवतात त्या मॅडम धुळ्याच्या एका शाळेत कला शिकवतात. आठवडाभर मुलांच्या वह्या तपासून रविवारी रात्री त्या निवृत्तांच्या वह्या तपासायला बसतात. मुलं तरी ग्रेड मिळाली की गप्प बसतात.

चित्र टाकल्यानंतरचा पहिला तास अप्पांच्या आठवड्याचा खरा तास. मोबाईल टेबलावर पालथा घालतात, उठून पाणी पितात, परत येऊन उलटा करतात. कुणी पाहिलं याची यादी उघडतात. एकोणीस जणांनी पाहिलं आणि तिघांचाच अंगठा! उरलेल्या सोळांनी पाहून काय केलं? ‘जेवायला या हो,’ काकू आतून हाक मारतात. अप्पा जेवायला बसतात, डावा हात मोबाईलवर. शेवभाजीचा एक थेंब पडद्यावर पडतो आणि त्यांच्याच चित्रातल्या सूर्याला लागतो. सूर्य सुधारतो, पण ते ग्रुपला दिसत नाही.

दादेची प्रतवारी ठरलेली आहे. सगळ्यात स्वस्त अंगठा. मग टाळ्या, मग ‘छान’, मग ‘खूप छान’, मग ‘अप्रतिम’. त्याच्या वर ‘अप्रतिम सर, शब्द नाहीत’. ज्यांच्याकडे शब्द नसतात ते हे चार ओळींत लिहितात. आणि हा सगळा व्यवहार आहेराचा आहे. लग्नघरी मांडवाच्या तोंडाशी वही घेऊन एक विश्वासू माणूस बसवलेला असतो. कुणी किती दिले ते तो लिहून घेतो, आणि पुढे त्या घरचं लग्न निघालं की वही काढून तेवढाच, झाला तर थोडा चढाच आहेर जातो. अप्पांच्या डोक्यात तशी वही आहे. चोपड्याच्या सरांचे दोन ‘अप्रतिम’ जमा, आपल्याकडून एकच गेलं. पाचोऱ्याच्या ताई नुसता अंगठा देतात, त्यांना अंगठाच. साक्रीच्या एका भाऊंनी सलग तीन आठवडे काहीच लिहिलं नाही. त्यांच्या चित्रावरून अप्पा आता बोट न थांबवता पुढं जातात.

परतफेडीची घाई झाली की चित्र उघडून बघायला वेळ उरत नाही. ‘जलरंगावर काय हुकमत आहे!’ हे वाक्य अप्पांनी एकदा बॉलपेननं काढलेल्या चित्राला वाहिलं. चित्रकारानं मनापासून आभार मानले, कारण त्यानंही प्रतिक्रिया वाचली नव्हती.

या व्यवहाराला हसणं सोपं आहे आणि मी हसतोही. पण हा आहेर बंद झाला, तर सोमवारपासून किती जण ब्रश भिजवतील याची मला शंका आहे. लोकांनी बघावं म्हणूनच माणूस काढतो, निदान सुरुवातीला. अडचण तिथून पुढे आहे: आपलं चित्र सगळ्यांनी बघावं असं वाटणाऱ्या माणसाला, ज्याचं चित्र काढायचंय ती वस्तू बघायला सवड होत नाही.

विषय होता, केळीचा घड. धुळ्याकडच्या मंडळींनी पिवळेधमक घड टाकले. अप्पा तर जळगाव जिल्ह्यातले, बसमधून आयुष्यभर केळीच्या बागा बघितलेले. त्यांनीही झाडावर पिवळा घड काढला आणि केळी खाली लोंबती. रात्री सव्वानवाला रावेरचे एक भाऊ उठले. हे भाऊ चित्रं काढत नाहीत, केळी लावतात. ग्रुपमध्ये कसे आले ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांनी लिहिलं, ‘झाडावर पिवळा झाला म्हणजे माल गेला.’ मग एकामागून एक ओळी आल्या. घड हिरवा कापतात. हिरवाच गाडीत भरतात, हिरवाच दिल्लीकडं जातो, आणि पिवळा होतो तो तिकडच्या पिकवायच्या खोल्यांत. फणीतली केळी वर वळलेली असतात, खाली तोंड करून नसतात. पान वाऱ्यानं फाटलेलं असतं. अख्खं पान फक्त सत्यनारायणाच्या चौरंगाला दिसतं.

ग्रुप हादरला. चार वर्षांत इतकं कुणी कुणाला बोललं नव्हतं. अप्पांनी लिहिलं, ‘कलावंताला तेवढी मोकळीक असते.’ भाऊंचं उत्तर आलं, ‘घ्या ना मोकळीक. पन भाव हिरव्यालेच भेटतो.’

मॅडमनी वादात पडायचं टाळलं आणि पुढच्या सोमवारी तोच विषय पुन्हा दिला. अप्पा रागानं का होईना, भादलीच्या बाजूला एका ओळखीच्या बागेत गेले आणि घडासमोर उभे राहिले. घड काळसर हिरवा होता, टोकाला जांभळं केळफूल, खोडावर सुकलेल्या पानांच्या चिरगुट्या. परत येऊन त्यांनी एक चित्र काढलं. पट्टी वापरली नाही. त्या रविवारी त्यांची ओळ नेहमीचीच होती, चित्राला तीन अंगठे मिळाले. अप्पांचं आजवरचं सर्वांत चांगलं चित्र तेच, आणि हे मॅडम आणि रावेरचे भाऊ सोडून कुणाला कळलं नाही. अप्पांनाही नाही. पुढच्या आठवड्यात ते गुलाबी सूर्यास्ताकडे परतले.

उलट, एकदा पहिलीतल्या नातीनं काढलेलं चित्र चुकून अप्पांच्या मोबाईलवरून गेलं. दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, नदीपेक्षा मोठा मासा. अर्ध्या तासात ग्रुप कोसळला. ‘काय ही निरागसता!’ ‘रेषेला भार नाही!’ ‘सर, तुम्ही आता वेगळ्याच वळणावर आहात.’ अप्पांनी खुलासा केला नाही. पुढले दोन आठवडे ते निरागसतेवर मेहनत घेत होते.

वांग्याचा आठवडा घरातच गाजला. बामणोदचं भरताचं वांगं, पांढरट हिरवं, चांगलं तळहातापेक्षा मोठं, अप्पांनी टेबलावर निळ्या टॉवेलवर मांडलं. डावीकडून दिवा सोडला. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी काकू म्हणाल्या, ‘अहो, तीन दिवस नुसतं बघताय त्याच्याकडं. सोयरीक जुळवायची का?’ शुक्रवारी अप्पा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले आणि परतले तेव्हा मागच्या अंगणात तुराट्यांच्या जाळाचा वास होता. चित्र त्यांनी आठवणीतून पुरं केलं. इंटरमीजिएटला स्मरणचित्राचा पेपर असतोच. भरीत, तेवढं मात्र मान्य करायला हवं, उत्तम झालं होतं.

खान्देशात जलरंग काढणं हे मुळातच हवेशी भांडण आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, कागद भिजवा, ओल्यावर ओला रंग सोडा आणि तो आपोआप पसरू द्या. ते पुस्तक जिथं लिहिलं तिथं कागद अर्धा तास ओला राहत असणार. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो; तेव्हा ब्रश डाव्या कडेनं निघून उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी कड वाळून कडक होते. म्हणून आमच्या आकाशांना पट्टे असतात. मुंबईचे पाहुणे विचारतात, ही काही खास शैली आहे का? ही शैली हवामानखात्याची आहे.

अप्पांनी त्यावर उपाय काढला आणि कूलरसमोर बसले. कूलर जुना, वाऱ्यापेक्षा पाणी जास्त फेकणारा. आकाशावर थेंब उडाले, रंग मागं सरकला, पांढुरके डाग उमटले. चित्र फेकून द्यायचं, पण साडेआठ वाजले होते. ते गेलं. ‘ढगांचा काय पोत साधलाय!’ ‘मिठाचं तंत्र वापरलं का सर?’ चोपड्याच्या सरांनी तर कृती मागितली. अप्पांनी लिहिलं, ‘थोडा सराव लागतो.’

ग्रुपमध्ये जळगाव आणि धुळे ही दोन संस्थानं आहेत. वाद पेटला की धुळेकर गोंदूरचे राम सुतार काढतात. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा घडवणारा माणूस आमच्या वेशीवरचा. यावर उंचीच्या बाबतीत तरी उत्तर नसतं. जळगावकर अजिंठा काढतात. लेणी आपल्या जिल्ह्यात नाहीत हे त्यांना माहीत आहे, पण ‘रेल्वेनं येणारा उतरतो तर आमच्याच स्टेशनवर!’ मग धुळेकर आपल्या गल्ल्या आणतात. कॅप्टन ब्रिग्ज हा खान्देशचा पहिला इंग्रज कलेक्टर. त्यानं १८१८ नंतर धुळ्याची नवी पेठ सरळ रेघांत आखून घेतली, आणि गल्ल्यांना आजही नंबर आहेत. यथार्थदर्शन शिकायला याहून सोयीचं गाव नाही. गल्लीच्या तोंडाशी बसायचं, दोन्हीकडची घरं शेवटच्या बिंदूत नेऊन सोडायची. जळगावच्या जुन्या भागातल्या गल्ल्या वळतात, म्हणून जळगावकराच्या चित्रात वळणावर नेमकी एक हातगाडी उभी असते.

अजिंठ्यावरून अप्पांना गिल आठवतो. आपलं मूळ चित्र प्रदर्शनाला का पाठवत नाही, याचं त्यांच्याकडे ऐतिहासिक कारण आहे. रॉबर्ट गिल १८४४ च्या सुमारास कंपनीच्या हुकमानं अजिंठ्याला आला आणि वर्षानुवर्षं लेण्यांतल्या भिंतींची चित्रं मोठमोठ्या कॅनव्हासांवर तैलरंगात उतरवत राहिला. ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. मग जे. जे. स्कूलचा ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आला, १८७२ पासून पुन्हा सगळं काढलं. त्यातल्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. ‘म्हणून मी फोटोच पाठवतो,’ अप्पा सांगतात. ‘फोटोला आग लागत नाही.’ दिवाळीत मुलानं मोबाईलची मेमरी साफ केली, त्यात अप्पांचीही तीन वर्षांची चित्रं पुसली गेली. त्या संध्याकाळी ते स्वतःला गिलच्या पंक्तीत बसवून फार शांत होते.

ग्रुपचं खरं दैवत मात्र चाळीसगावला आहे. जळगावहून रेल्वेनं धुळ्याला जायचं तर बहुधा चाळीसगावला गाडी बदलावी लागते, आणि तिथंच, स्टेशनाजवळ, केकी मूस राहत. जन्म १९१२ चा, गेले १९८९ ला. घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत, दशकानुदशकं. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खा निसर्ग भासवायचा, असं त्यांचं टेबल-टॉप छायाचित्रण. चित्रं, शिल्पं, कागदाचं कातरकाम आणि सतारही. माणूस घरात आणि काम टपालानं देशोदेशीच्या प्रदर्शनांत. पारितोषिकं तिकडून दारात यायची. मुंबईकडून येणाऱ्या मेलच्या वेळेला ते दार-खिडक्या उघडून बसत, न आलेल्या एका व्यक्तीची वाट बघत, असं चाळीसगावकर सांगतात. त्यांचं घर आता कलादालन आहे.

अप्पांना हा आदर्श एकदम पटतो, विशेषतः घराबाहेर न पडण्याचा भाग. ‘मूससाहेबही कुठं जात नसत,’ ते काकूंना सांगतात. ‘ते भाजीची पिशवी कुणाच्या हातात देत असत?’ काकू विचारतात. पाकीट टपालात टाकल्यावर परदेशातून उत्तर यायला जो काळ जायचा, तेवढ्या काळात मूस पुढल्या चित्राला लागलेले असायचे. अप्पांना चार मिनिटांत अंगठा आला नाही की ते राउटरचं बटण बंद-चालू करून बघतात.

वर्षातून एकदा सगळे प्रत्यक्ष भेटतात. ठिकाणावरून महिनाभर खल चालतो. जळगावकर एरंडोल म्हणतात, धुळेकर पारोळा, आणि दोघंही ‘मध्यावर पडतं’ असंच कारण देतात. अखेर पारोळ्याचा किल्ला ठरतो, कारण मॅडम धुळ्याच्या. सगळे मूळ चित्रं घेऊन येतात आणि पहिला धक्का बसतो. मोबाईलवर डोंगराएवढं वाटलेलं चित्र पोस्टकार्डाएवढं निघतं. पाचोऱ्याच्या ताईंचं, जे आजवर सगळ्यांनी अंगठ्यावर काढलं, ते हातात धरल्यावर इतकं भरीव निघतं की दोघंतिघं गप्प होतात. आणि ‘अप्रतिम’ हा शब्द तोंडानं म्हणायला कुणालाच जमत नाही. अप्पा आणि चोपड्याचे सर एकमेकांसमोर उभे राहतात, एवढ्या वर्षांचे ऋणानुबंध, आणि शेवटी सर म्हणतात, ‘चहा घेतला का?’

उन्हं कलल्यावर सगळे किल्ल्यासमोर पसरून बसले. विषय अर्थातच बुरूज. अप्पा सावलीत, मांडीवर पाट, शेजारी पट्टी. एक पोरगा, असेल नऊ-दहा वर्षांचा, हातात पतंगाचा मांजा, मागं येऊन उभा राहिला.

‘हाई काय शे, बाबा?’

‘बुरूज.’

पोरानं बुरुजाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. ‘मंग तो वाकडा काबर शे?’

उताराचा मुद्दा इथं चालण्यातला नव्हता. अप्पांनी पाठकोरं एक पान फाडलं, पेन्सिल पोराच्या हातात दिली. ‘तू काढ.’ तो तिथंच उकिडवा बसला. फार वेळ लावला नाही. बुरूज सरळ आला, तटाची पडकी बाजू आली, आणि बुरुजामागं एक उंच, कोनाकोनांची जाळी.

‘हे काय?’

‘टावर.’

समोर बसलेल्या झाडून सगळ्यांनी मोबाईलचा तो टॉवर गाळला होता. अप्पांनीही. ‘अरे, टॉवर कशाला काढला?’

पोरगा त्यांच्याकडे बघतच राहिला. ‘शे ना तो!’